अडीचशे शब्द, सोमवारी आणि गुरुवारी

जया सोनवणे यांच्या ब्लॉगला तेवीस वाचक होते. त्यातले नऊ त्यांच्याच इमारतीत राहत. एक दुबईत होता, तो बहुधा चुकून आलेला. आणि चार वाचक म्हणजे खुद्द जयाबाई. आपलं लिहिलेलं नीट दिसतंय ना, हे बघायला त्या दिवसातून चारदा ब्लॉग उघडत आणि ते मोजणारं यंत्र बिचारं दर वेळी नवीन माणूस आला म्हणून आनंदाने आकडा वाढवी. हे सत्य त्यांना त्यांच्या भाचीने, ऋतिकाने, एका रविवारी पोहे खाता खाता सांगितलं. ऋतिका हिंजवडीला नोकरी करायची. नेमकं काय करते, हे तिने मावशीला तीनदा समजावलं होतं आणि तिन्ही वेळा मावशीने "हो का, छान," म्हटलं होतं.

"मावशी, प्रॉब्लेम कंटेंटचा नाहीये, लेंग्थचा आहे," ऋतिका म्हणाली. "अ‍ॅव्हरेज माणूस तुझ्या पेजवर एक्केचाळीस सेकंद थांबतो."

"एक्केचाळीस सेकंदांत वाचून काय होणार?"

"तेच तर! तू अठराशे-अठराशे शब्द लिहितेस. तेही मनाला येईल तेव्हा. एका आठवड्यात तीन, मग महिनाभर गायब. लोक कन्फ्यूज होतात. आधी तुझा टार्गेट ऑडियन्स कोण, ते ठरव."

जयाबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. टार्गेट ऑडियन्स खाली हातगाडीपाशी उभा राहून कोथिंबिरीच्या देठांवरून भांडत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या चंद्रभागाबाई.

जयाबाईंची सगळी नोकरी ट्रंक कॉल जोडण्यात गेली. "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं लोकांच्या बोलण्यात मधोमध घातलं. कुणाचं बारसं तोडलं, कुणाचा मयताचा निरोप तोडला, एका मुलाचं तर लग्नाला होकार देणं तोडलं आणि त्याने वाढवून घेतलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना आवरतं घ्यायला लावल्यावर आता आपण जरा सैल सुटावं, एवढ्याच हेतूने त्यांनी निवृत्तीनंतर ब्लॉग काढला होता. नाव ठेवलं होतं, 'बोला, लाइनवर आहेत'.

एरवी त्यांनी ते एक्केचाळीस सेकंद हसण्यावारी नेले असते. पण या वेळी त्यांच्याकडे एक लेख तयार होता, आणि तो एका माणसाने शेवटपर्यंत वाचणं भाग होतं. तो माणूस पलीकडच्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसला होता. जयाबाईंचा नवरा.

रतनराव सोनवणे पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारे आरेखक होते. बायकोच्या ब्लॉगमधलं अक्षरही त्यांनी वाचलं नव्हतं. "जे घरात दिवसभर ऐकू येतं, ते पुन्हा वाचायचं कशाला?" असा त्यांचा सवाल असे, आणि खरं सांगायचं तर त्याला उत्तर नव्हतं.

लेख होता तात्याराव बेलसऱ्यांवर. तात्याराव म्हणजे नारायण पेठेतल्या त्या चार मजली इमारतीचे सोसायटी स्थापनेपासूनचे सचिव. अकरा वर्षांपूर्वी, इमारत नवी होती आणि जेमतेम चार बिऱ्हाडं राहायला आली होती, तेव्हा एका दुपारी रतनराव जेवता जेवता ताटावरच कोसळले. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लागला, पण अ‍ॅम्ब्युलन्स काही येईना. इमारतीत पुरुषमाणूस एकच, तात्याराव. ते बनियनवर सदरा चढवत चौकात धावले आणि समोरून आलेल्या पोलिसांच्या जीपपुढे हात पसरून उभे राहिले. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून पोलिसांनी त्यांचं बखोट धरलं आणि त्यांना जीपच्या आत घातलं. मग आत बसून तात्याराव बोलू लागले.

तात्यारावांचं बोलणं ज्यांनी ऐकलं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पेशंटची अवस्था, पेठेतले रस्ते, नागरिकाचे हक्क, इमारतीच्या जिन्याची रुंदी, यांतलं काही म्हणजे काही त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या सिग्नलपर्यंत फौजदाराने दम धरला. मग त्याने जीप वळवली आणि म्हणाला, "कुठाय तुमचा पेशंट, तेवढं सांगा, पण गप्प बसा." रतनराव त्याच जीपमधून दवाखान्यात पोचले. अजून वीस मिनिटं गेली असती तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात तात्यारावांनी जयाबाईंकडून शब्द घेतला. "सोनवण्यांना यातलं काही सांगायचं नाही. भला माणूस आहे, जन्मभर मान खाली घालून वागेल. मग सभेत मला विरोध कोण करणार? बाकीचे सगळे नुसते मुंड्या हलवणारे."

जयाबाईंनी शब्द दिला आणि पाळला. अ‍ॅम्ब्युलन्स आली होती, अशी रतनरावांची समजूत झाली. बरे होऊन ते पहिल्याच सभेला गेले आणि पाण्याच्या टाकीवरून तात्यारावांना त्यांनी असा काही विरोध केला, की तात्याराव आठवडाभर खुशीत होते. पुढे लिफ्ट झाली, नावाच्या पाट्या झाल्या, गाड्या लावायच्या जागा झाल्या. गेली सहा वर्षं दोघे सभेबाहेर एकमेकांशी बोलत नव्हते. जिन्यात समोरासमोर आले की दोघेही भिंतीवरचे विजेचे मीटर वाचत.

आता तात्याराव मुलाकडे वाघोलीला कायमचे राहायला चालले होते. एकतीस ऑगस्टला टेम्पो सांगितला होता. आणि जयाबाईंना वाटू लागलं होतं, की दिलेल्या शब्दालाही निवृत्तीचं वय असावं. तोंडी सांगून भागणार नव्हतं. पहिल्याच वाक्याला रतनराव "मुद्द्याचं बोल" म्हणत, आणि ही गोष्ट मुद्द्याची नव्हतीच, ती सगळी तपशिलाची होती. म्हणून लेख. दोन हजार सहाशे बारा शब्दांचा.

तर, लोकांना वाचवेल एवढं किती आणि कधी लिहावं, हे ठरवायला जयाबाईंनी सरकारी नोकरीत मुरलेली बाई जे करील तेच केलं. प्रश्नावली काढली. 'आपणांस लेख किती लांबीचा रुचतो? (अ) चहा उकळेपर्यंत, (आ) कुकरच्या तीन शिट्ट्यांपर्यंत, (इ) दुपारची झोप लागेपर्यंत, (ई) अन्य, कृपया सविस्तर लिहावे.' आठवड्यातून किती वेळा, कोणत्या वारी, हेही विचारलं आणि कागद इमारतीच्या फळ्यावर टाचला.

उत्तरं आली ती जिन्यातच. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "मी अक्षर मोठं करून वाचते. एका वेळी चार ओळी दिसतात. तुमचा लेख किती लांब असतो ते मला ठाऊक नाही हो, किती खाली ओढावा लागतो ते ठाऊक आहे. बोट दुखतं माझं." शिवाय ज्या दिवशी कामवाली दांडी मारते त्या दिवशी लेख नको, आणि ते दिवस आधी कळवता येणार नाहीत, असंही त्यांनी सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी कागदावर निनावी लिहिलं, 'वाचत नाही. तरी लहान हवा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याराव प्रश्नावली हातात घेऊन दारात उभे.

"सोनवणे बाई, हे आपलं?"

"हो. आत या ना."

"आत नको. याच्यावर सोसायटीचा शिक्का नाही. फळा सोसायटीचा. टाचण्याही सोसायटीच्याच, तीन वापरल्या आहेत आपण."

"साधी प्रश्नावली आहे हो, तात्याराव."

"ज्या ब्रॉडबँडवरून आपला ब्लॉग जातो, तोही सोसायटीचा. बारा घरांत एक लाइन. आपण लांबलचक लिहिलंत, की माझ्याकडे नातवाचा फोटो कमरेपर्यंतच उघडतो."

"लेखाने लाइन अडत नाही."

"हा तांत्रिक मुद्दा झाला. तांत्रिक मुद्दे सभेत," तात्याराव म्हणाले आणि तीन टाचण्या मोजून खिशात घालून गेले.

अशा रीतीने दहा ऑगस्टच्या वार्षिक सभेत, गच्चीची गळती आणि कुत्र्यांचा उपद्रव यांच्या मध्ये, विषय क्रमांक सात म्हणून 'सौ. सोनवणे यांच्या ब्लॉगची लांबी व वारंवारता' हा विषय आला. तात्यारावांनी थोडक्यात लिहिण्याचं महत्त्व या विषयावर पंचवीस मिनिटं प्रास्ताविक केलं. जयाबाई उठून म्हणाल्या, "जे वाचतात त्यांनी मत द्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे."

"मत सभासदांनी द्यायचं असतं," तात्याराव म्हणाले. "वाचक ही संज्ञा उपविधीत नाही."

मग जे वाचत नव्हते त्यांना कंठ फुटला. कोणी शंभर शब्द म्हणालं, कोणी महिन्यातून एक. संकष्टीला लेख नको, उपासाच्या दिवशी डोळ्यांना ताण पडतो, अशी एक उपसूचना आली. शेवटी तात्यारावांनी सूचना मांडली: अडीचशे शब्द, सोमवारी आणि गुरुवारी. "अनुमोदन कोणाचं?"

कोपऱ्यातून रतनराव उठले. सभा सरसावून बसली. हा माणूस उठला की निदान पाऊण तास जातो, हे पोरंही जाणून होती.

"माझं अनुमोदन," रतनराव म्हणाले आणि खाली बसले.

सभेत इतकी शांतता गच्ची गळाल्याच्या बातमीलाही पसरली नव्हती. तात्यारावांचा चेहरा पडला. "विरोध नाही?"

"नाही. बायको माझी आहे. मला अनुभव आहे."

सगळे हसले. चंद्रभागाबाई तर जरा जास्तच हसल्या. ज्या दोन माणसांना एकत्र आणायला जयाबाई महिनाभर खपत होत्या, ती दोघं सहा वर्षांत पहिल्यांदा एकत्र आली, आणि कशावर आली, तर जयाबाईंचं तोंड बंद करण्यावर. त्या रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं, आणि रतनरावांनी ते मागितलं नाही.

जयाबाईंनी हिशेब मांडला. दोन हजार सहाशे बारा शब्द म्हणजे अकरा भाग. एकतीस तारखेपर्यंत सोमवार-गुरुवार मिळून सहा. टेम्पो वाघोलीला पोचला तरी तात्याराव लेखात जीपमध्येच बोलत राहणार. दुसरी कोणी असती तर तिने ठराव धाब्यावर बसवला असता. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला ठराव मोडता येत नाही. तो सूड उगवल्यासारखा तंतोतंत पाळता येतो. त्यांनी शब्द मोजले आणि अडीचशेव्या शब्दावर कात्री लावली.

सोमवारी सकाळी ब्लॉगवर आलेला पहिला भाग असा संपत होता: '...आणि भर चौकात, सगळ्यांच्या देखत, पोलिसांनी तात्याराव बेलसऱ्यांचं बखोट धरलं, त्यांना आत कोंबलं आणि जीप'. त्याखाली एक ओळ: 'पुढील भाग गुरुवारी, ठराव क्रमांक सात अन्वये.'

दुपारपर्यंत आकडा एकशे नव्वदवर गेला, संध्याकाळी तीनशे बारा. ज्यांच्याकडे संगणक नव्हता त्यांना चंद्रभागाबाईंनी झेरॉक्स पुरवल्या.

"मला पहिल्यापासून शंका होती," त्या जिन्यात म्हणाल्या.

"कसली?" जयाबाईंनी विचारलं.

"आता कसली ते गुरुवारी कळेलच ना!"

इस्त्रीवाल्याकडे चोरीचं बोलत होते, दूधवाल्याकडे मारामारीचं. एका जाणत्या माणसाचं मत पडलं, की तात्याराव दुसऱ्या कुठल्या तरी सोसायटीच्या फळ्यावरची नोटीस काढताना सापडले असणार. ते सगळ्यांना पटलं.

ऋतिकाचा फोन आला. "मावशी, काय क्लिफहँगर टाकलायस! लोक सहा-सहा मिनिटं थांबतायत!"

"अडीचशे शब्दांवर सहा मिनिटं?"

"पुढचं कुठे लपवलंयस ते शोधतायत."

आणि रतनराव. लग्नाला चौतीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा ते बायकोच्या खुर्चीमागे येऊन वाकून वाचत होते. "बेलसऱ्याला अटक झाली होती? आणि मला पत्ता नाही? कधी?"

"गुरुवारी कळेल."

"अगं, नवरा आहे मी तुझा."

"सभासद आहात. अनुमोदनही तुमचंच."

"निदान कलम तरी सांग."

जयाबाई भाजी चिरायला उठल्या. रतनराव दिवसभर शीळ घालत होते. सहा वर्षांत इतकी चांगली बातमी त्यांना मिळाली नव्हती.

मंगळवारी सकाळी रतनराव पेन्शनच्या कामाला बँकेत गेलेले पाहून तात्याराव वर आले. या वेळी आत आले, बसलेही.

"बाई, आपण मला शब्द दिला होता."

"दिला होता."

"मग इथेच थांबा. पुढचा भाग नको."

"अहो, इथे थांबवलं तर तुम्ही जन्माचे जीपमध्ये! लोक काय काय बोलतायत ऐकलंत का?"

"बोलू देत. नोटिशीचं तर मला आवडलं. बाई, मी इथून गुन्हेगार म्हणून गेलो तरी चालेल. उपकारकर्ता म्हणून मला जायचं नाही." तात्यारावांनी चष्मा काढला. "सोनवणे निरोपाला हार घेऊन येईल हो माझ्या पुढ्यात! हार! मान खाली घालून! सहा वर्षं तो माझ्याशी बोलत नाही, त्यात माझी काही एक किंमत आहे. हारात काय आहे?"

जयाबाईंनी चहा पुढे केला. मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि आपण जिवंत कसे राहिलो, हे त्यांना कळायलाच नको?"

तात्याराव गप्प बसले. फौजदारालाही न जमलेली गोष्ट जयाबाईंच्या हातून झाली होती, पण त्यांना त्याचा आनंद झाला नाही. चहा संपेपर्यंत तात्याराव बशीकडे बघत राहिले.

"तुकड्या-तुकड्यांत तर मुळीच नको," ते शेवटी म्हणाले. "अर्धवट कळलं तर तो माणूस बाकीचं स्वतःच्या मनाने भरेल. आरेखक आहे."

"मग ठराव मागे घ्या."

"सचिवाला तो अधिकार नाही. विशेष सभा लागेल, तिला चौदा दिवसांची नोटीस लागेल." ते उठले. दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच थांबले. "ठरावात शब्द 'ब्लॉग' असा आहे. छापील प्रतीबाबत सभेने मौन बाळगलं आहे. मी फक्त वस्तुस्थिती सांगतो."

जयाबाईंनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सवाल्याकडून नऊ पानं छापून आणली आणि चार वाजता चहाच्या कपाशेजारी ठेवली. "हे काय?" रतनराव म्हणाले. "पुढचं," जयाबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन, आधीच घासलेली भांडी पुन्हा घासू लागल्या.

बाहेरून पान उलटल्याचा आवाज यायचा. मग बराच वेळ यायचा नाही. मग यायचा. जयाबाईंनी डोकावून पाहिलं तेव्हा चहावर साय धरली होती आणि रतनराव नववं पान उलटून मागे काही आहे का ते बघत होते. मागे काही नव्हतं.

"अ‍ॅम्ब्युलन्स?" त्यांनी विचारलं.

"आलीच नव्हती."

"अकरा वर्षं मी त्या ड्रायव्हरचं मनातल्या मनात भलं चिंततोय."

"माहीत आहे मला."

"तू मला..." ते थांबले. "नाही, कळलं. पान सात. विरोध कोण करणार." त्यांनी पानं सारखी केली, पुन्हा विस्कटली, पुन्हा सारखी केली. "गळतीच्या सभेत त्याला मी बिनडोक म्हटलं होतं."

"दोनदा."

 गुरुवारी, सोमवारी, ब्लॉगवर जीप मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि इमारत नखं खात होती. रतनराव मात्र गॅलरीत उभे राहून खाली सामान बांधलं जाताना बघत. शनिवारी ते मंडईत जाऊन आले. पिशवी त्यांनी उघडून दाखवली नाही. जयाबाई काय ते समजल्या. हारच आणला असणार. आपण एका माणसाचा विरोधक मारला आणि दुसऱ्याची मान वाकवली. एवढं करायला दोन हजार सहाशे बारा शब्द खर्च केले.

रविवारी टेम्पो आला. सगळ्या गॅलऱ्या भरल्या. चंद्रभागाबाई तर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. चौथ्या मजल्यावरून रतनराव इस्त्रीचा शर्ट घालून उतरले. हातात ती पिशवी. तात्यारावांनी त्यांना येताना पाहिलं आणि घाईने विजेच्या मीटरकडे तोंड फिरवलं, पण मीटर जिन्यात होते आणि ते रस्त्यावर होते; समोर नुसती भिंत होती.

रतनराव त्यांच्याजवळ गेलेच नाहीत. त्यांनी टेम्पोला एक फेरी मारली, लाकडी कपाटावरची दोरी ओढून पाहिली.

"बेलसरे, ही गाठ कोणी मारली?"

"मी," तात्याराव भिंतीला म्हणाले.

"मग बरोबर. बिनडोक गाठ आहे. शिवाय कपाट दाराकडून आडवं घातलंय. येरवडा यायच्या आत दार निखळून रस्त्यावर पडेल."

तात्याराव सावकाश वळले. "काय म्हणालात?"

"बिनडोक म्हणालो. माझी हरकत नोंदवून घ्या."

"कोणत्या अधिकाराखाली?" तात्यारावांचा आवाज फाटला. त्यांनी घसा खाकरून तो पुन्हा जागेवर आणला. "सामान माझं आहे, टेम्पो मी ठरवलेला आहे, आणि कपाट कसं घालावं हे मला पाटबंधारे खात्याने शिकवण्याची गरज नाही!"

"धरणं बांधतात तिथे, माणसांना गाठीही मारायला शिकवतात!" रतनरावांनी पिशवीतून काढला तो नवा कोरा सुंभ होता, चांगला वीस हात. "सोडा ते. आधी कपाट उतरवा."

कपाट उतरलं. पुन्हा चढलं. मग ते उभं न्यावं की पालथं, यावर पाऊण तास गेला. टेम्पोवाला दोनदा चहा पिऊन आला. एक गॅलरी म्हणे, अटकेच्या रागातून भांडतायत. दुसरी म्हणे, पार्किंगच्या. तात्याराव बोटं मोजत मुद्दे मांडत होते, रतनराव एकेक खोडत होते, आणि मधेच कधीतरी तात्यारावांनी घाम पुसल्यासारखं करून डोळे पुसून घेतले. शेवटी सुंभाचं टोक वाघोलीपर्यंत कोणीतरी हाताने ताणून धरायला हवं, आणि ते या माणसाच्या भरवशावर सोडता येणार नाही, असं जाहीर करून रतनराव स्वतःच टेम्पोत चढले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"जया, जेवायला थांबू नकोस. मला उशीर होईल. कपाट भिंतीला कुठे लावायचं ते अजून ठरलेलं नाही."

"कोणी अडवलंय?"

"कोणी काय, हाच! पूर्वेला लावू देत नाही," रतनराव म्हणाले, आणि त्यांच्यामागून तात्यारावांचा आवाज येतच होता, एकेका मुद्द्यावर, अगदी सविस्तर.